चाचणीप्रमुख मोईज यांचा अभिप्राय

दुसऱ्याची वस्तू वाटून टाकण्याइतकं निर्मळ पुण्य जगात नाही. स्वतःची वाटताना हात थोडा तरी आखडतोच.

जळगाव-धुळ्याकडे हे पुण्यकर्म वेबसाइट बनवून देणाऱ्यांचा 'खान्देश थीम परिवार' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाहतो. थीम म्हणजे वेबसाइटचा शिवून तयार कपडा. प्लगिन म्हणजे त्याला वरून लावायचे खिसे. परदेशातले लोक हे चक्क विकतात (सवय, दुसरं काय). परिवारातला एखादा बापडा एकदा विकत घेऊन ग्रुपवर टाकतो आणि बाकीचे साडेतीनशे जण त्याला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतात. दुसऱ्यांदा विकत घेणाऱ्याच्या घरी फोन करून तब्येत विचारली जाते.

फुकटच्या थीममध्ये व्हायरस निघू शकतो. म्हणून परिवाराने चाचणीप्रमुख नेमला, पिंप्राळ्याचा मोईज. नवी थीम किंवा अपडेट आलं, की मोईज आधी ते एखाद्या गिऱ्हाइकाच्या चालू वेबसाइटवर लावून बघे. (गिऱ्हाइकाला सांगायची पद्धत नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर.) वेबसाइट उभी राहिली, तर 'बिनधास्त वाटा'. झोपली, तर 'हात लावू नका', आणि गिऱ्हाइकाला 'सर्व्हर डाउन आहे'. मोईजचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. थीम बनवणाऱ्याचं काय, असं एका नवख्याने विचारलं, तेव्हा मोईजनेच त्याला समजावलं होतं, "अरे, त्याचं काय जातं? कॉपीच तर केली!"

असा हा मोईज दिवसभर मेव्हण्याच्या गाळ्यात लोकांच्या मोबाइलवर काचा चिकटवी आणि मेव्हण्याची बोलणी खाई. त्यातून सुटायचं म्हणून त्याने दोन वर्षं डोळे फोडून स्वतः एक थीम बनवली. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी, नाव 'बागायत'. ग्रुपला पत्ता लागू नये म्हणून टोपणनावाने विकायला ठेवली. "ही चालली ना, तर गाळ्याला सलाम," तो बायकोला, रुखसारला म्हणाला. पहिली प्रत विकली गेली तेव्हा गड्याचे डोळे भरून आले.

घेणारा परिवारातलाच वरणगावचा तेजस होता, हे त्याच संध्याकाळी कळलं. कारण तेजसने 'बागायत' ग्रुपवर टाकली आणि ती रीतसर मोईजकडेच चाचणीला आली.

"चोर लेकाचे!" मोईज ओरडला. (परिवाराच्या संदर्भात हा शब्द त्याला प्रथमच सुचला.)

धुळ्याच्या अभिमनचा व्हॉइस मेसेज आला, "मोईजभाऊ, बठ्ठा तुमनी वाट दखी राह्यनात." सगळा परिवार अभिप्रायासाठी खोळंबला होता.

थीम माझी आहे म्हणावं, तर 'तुझं काय जातं' हे उत्तर त्यानेच सगळ्यांना पाठ करून दिलेलं. मग त्याने डोकं चालवलं आणि लिहिलं, 'जबर व्हायरस आहे. हात लावू नका.'

परिवार भलताच शिस्तीचा. कुणी हात लावला नाही. उलट समाजसेवा म्हणून हा इशारा नाशिक, सुरत, इंदूरच्या ग्रुपांवर पोहोचवला. महिना गेला, दुसरी प्रत काही खपेना. शेवटी मोईजने लाज सोडून लिहिलं, 'खोटं बोललो. व्हायरस नाही. थीम माझी आहे, विकत घ्या.'

'विकत घ्या' हे शब्द वाचून परिवार हादरला. मोईजभाऊंचा नंबर हॅक झाला, यावर एकमत झालं आणि सुरक्षेसाठी त्यांना ग्रुपमधून काढण्यात आलं. मोईज काचाच चिकटवतोय. मेव्हणा खूश आहे.

वाचकांना मोईजची कीव येणार, हे आम्ही जाणतो. 'बागायत' अजून विक्रीला आहे, हेही सांगून ठेवतो. दोन्हींतलं जे फुकट होतं, ते तुम्ही एव्हाना घेतलंत.