भागीरथाबाईंचे पाच सागरगोटे

सन अठ्ठावन्नच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी खुशालरावांचं पोट दुखू लागलं. कारण साधं होतं: वलगावच्या पंगतीतले सात रोडगे. डॉक्टरकडे जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. अमरावतीच्या कचेरीतले अर्धे कारकून आपणच बरे केलेत, असं ते स्वतःच सांगत. पोटदुखीवर त्यांचं ठरलेलं औषध म्हणजे भाजलेला सागरगोटा, हिंग आणि सैंधव. त्यांची बायको भागीरथाबाई बाजारात गेली होती, आणि घरातले सागरगोटे होते तिच्या पेटीतल्या पिशवीत.

ते पाच सागरगोटे म्हणजे भागीरथाबाईंचं अख्खं बालपण. अंजनगाव सुर्जीच्या ओसरीवर त्या कधी हरल्या नव्हत्या. हरायची ती त्यांची मैत्रीण पंचफुला. ती आता अकोल्याला असे आणि तीस वर्षं एकच पालुपद लावून होती, "भागीरथे, तुह्या सागरगोट्यातच खोट हाय!" उद्या ती ते पाचही तपासायला येणार होती.

"येऊ दे. माह्या खेयात खोट काढणारी अजून जल्मली नाई," भागीरथाबाई छातीठोकपणे सांगत.

खुशालरावांनी पाचांतला सगळ्यांत जड निवडला. जड म्हणजे औषध जास्त, हा त्यांचा हिशेब. निखाऱ्यावर ठेवताच तो चर्र वाजला आणि भपकन पेटला. "वा! अस्सल गुण!" म्हणत त्यांनी तो कुटून खाल्ला. तासाभरात पोट थांबलं आणि डोकं सुरू झालं. पिशवीत आता चारच उरले होते.

ते काष्ठौषधीवाल्या नबीभाईंकडे धावले आणि एक सागरगोटा घेऊन आले. पण जुन्या चारांत तो नवा, म्हाताऱ्यांच्या बैठकीत नवरदेव बसावा तसा दिसू लागला. एकसारखे दिसायचे तर पाचही नवेच हवेत. ते परत गेले.

"अजून चार?" नबीभाई म्हणाले. "खुशालराव, हाथी का पेट है क्या?"

"पोट झालं बरं. आता जीव वाचवाचा हाय."

नवे पाच त्यांनी तेल लावून फडक्यानं घासघासून जुने केले आणि पिशवीत भरले. खरे चार कोटाच्या खिशात गेले.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई आल्या त्या चहालाही थांबल्या नाहीत.

"काढ वं ते."

भागीरथाबाईंनी पिशवीत हात घातला आणि हात तिथंच थांबला. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. खुशालराव पंचांगात एकादशी शोधत होते.

"घे, तपास," भागीरथाबाई म्हणाल्या.

पंचफुलाबाईंनी एकेक सागरगोटा कानाशी हलवला, तळहातावर तोलला, केसांतल्या आकड्यानं खरवडून पाहिला. मग त्यांचे डोळे भरून आले. "खोट नाई वं माय. तीस वर्सं तुले उगाच बोलली मी."

मग दोघी खेळायला बसल्या. पहिला डाव भागीरथाबाईंच्या हातून निसटला, पण पुढचे तिन्ही त्यांनी जिंकले. पंचफुलाबाईंनी जाताना त्यांना मिठी मारली आणि आठवण म्हणून एक सागरगोटा मागून नेला.

दार लागताच भागीरथाबाई वळल्या. "माहे कुठं हायेत?"

खुशालरावांनी कोटाच्या खिशातून चार काढून दिले.

"अन् जड होता, तो कुठं हाय?"

"खाल्ला."

ते बोलणी खायला मान खाली घालून उभे राहिले. पण भागीरथाबाई खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"आवं, त्याले भोक पाडून मी मेण भरलं होतं! सरय वर जाये, सरय हातात पडे. सकायपासून जीवाले घोर होता. चारच दाखवले असते, तं पंचफुला म्हनली असती, पाचवा कुठं हाय?"

"मेण?" खुशालरावांचा हात पोटावर गेला.

"पन आज त्याच्याबिगर जितली मी." त्यांचं हसू थांबलं आणि आवाज हळू झाला. "म्हंजे तवाबी जितली असती. तीस वर्सं उगाच भेली." इतकं मोकळं झालेलं खुशालरावांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत एका कारकुनाचं पोट दुखू लागलं. खुशालरावांनी टाक खाली ठेवला.

"सागरगोटा भाजून घ्या," ते म्हणाले. "पन आधी त्याच्यात मेण भरा. खरा गुन मेणाचाच हाय."