दंतवैद्यांनी कासवाकडून शिकस्त खाऊन साडू जेर केला त्याची हकीकत

हुजूरची आज्ञा जाहली की साडूयुद्धाची हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे मीठमसाला न घालिता लिहून द्यावी, सबब लिहिले. हुजूर म्हणजे सासूबाई. त्यांची आज्ञा मोडील ऐसा पुरुष त्या घराण्यात अद्याप उपजला नाही.

घराण्यास जावई दोन. थोरले विमा कंपनीत अधिकारी, देहाने भारदस्त आणि आवाजाने त्याहून भारदस्त. धाकटे दंतवैद्य, हात हलका, स्वभाव मऊ, आणि दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून मान कायमची डावीकडे कललेली. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, सबब दोघे परस्परांचे साडू, आणि वरून सलोखा व आतून चुरस ऐसा तो जुना मामला.

सासरेबुवांची एक आरामखुर्ची होती. पाठ मागे रेलणारी, पाय लांब करू देणारी, बरोबर पंख्याखाली मांडलेली. परंतु सासरेबुवांच्या गुडघ्यांनी बंड केले, खाली बसले की उठणे मुश्कील जाहले, मग त्यांनी आपणास उंच खुर्ची आणविली आणि आरामखुर्ची बेवारस पडली. तेव्हापासून दर रविवारी सासुरवाडीस जेवणे उरकली की दोघा जावयांची नजर तीवर. थोरले चार घासांत ताट साफ करून कूच करीत आणि जाऊन पसरत. दंतवैद्य घास नीट चावून खाणारे, तो त्यांचा धर्मच, मग ते हात धुऊन येईतो तख्त गेलेले असे आणि त्यांचे नशिबी प्लॅस्टिकचे स्टूल येई. स्टुलाचा एक पाय आखूड. ऐसे बहुत रविवार गेले.

अखेर दंतवैद्यांच्या कबिल्याने, म्हणजे बायकोने, त्या शाळेत चित्रकला शिकवीत, बापाकडे तक्रार गुदरली. सासरेबुवांनी मसलत करून फर्मान काढिले की, दोघेही दिवसभर फोनवर ते गोल्फ कुटीत असता, तर महिनाअखेरीच्या रविवारी त्यातच एक सामना व्हावा आणि जो जिंकील त्याने खुर्ची कायमची घ्यावी; पुन्हा माझे कानाशी कटकट नको.

आता या खेळाचा मजकूर. फोनच्या पडद्यावर हिरवे मैदान, दूर झेंडा, झेंड्याखाली भोक. पडद्यावर बोट मागे ओढावे, सोडावे, की चेंडू उडाला. जो कमी फटक्यांत भोकात घालील त्याची फत्ते. गनीम जगाच्या कोणत्याही टोकास बसलेला असो, त्याचा फटका आपणास दिसतो आणि आपला त्यास. खेळात दालने दोन: एक नवशिक्यांचे, दुसरे उस्तादांचे. दोघे साडू नवशिक्यांच्या दालनात शिकार करीत. तेथे थोरले दहांत नऊ डाव मारीत आणि तो आकडा कुटुंबाच्या ग्रुपवर मिरवीत. दंतवैद्यही तेथे बरे जिंकत, परंतु खुद्द थोरल्यांशी गाठ पडली की हमखास हरत.

पुढे एके दिवशी दवाखान्यात ऐसे घडले की, एका रोग्यास भूल देऊन ती चढेपर्यंत दंतवैद्यांनी फोन हाती घेतला, आणि हातमोजा काढावयाचा आळस केला, मग रबरी अंगठा घसरला आणि नवशिक्यांचे दालन दाबावे तो उस्तादांचे उघडले. समोर गनीम उभा राहिला त्याचे नाव ‘निवांत कासव’. देश ठाऊक नाही, वय ठाऊक नाही, पुरुष की बाई तेही ठाऊक नाही. या कासवाने दंतवैद्यांची ऐसी धूळधाण उडविली की नऊ भोकांच्या डावात सरदार अकरा फटक्यांनी मागे पडले. खुर्चीत आ वासून पडलेल्या रोग्याने हे सर्व पाहिले, परंतु जीभ जड जाहल्याने तो काही बोलू शकला नाही, हे देवाचे उपकार.

दंतवैद्यांस संताप आला. दुपारी डबा खाताना त्यांनी कासवास पुन्हा गाठले आणि पुन्हा मार खाल्ला. दुसरे दिवशी तेच, आणि तिसरे दिवशीही तेच. या लढायांत त्यांची एक खोड होती. आपला फटका मारून जाहला की फोन पालथा ठेवावा आणि गनिमाची पाळी संपेतो पाणी प्यावे, खिडकीबाहेर पाहावे, गनिमाकडे ढुंकून पाहू नये. एके दिवशी हात साबणाने भरलेले, फोन बेसिनच्या फळीवर उभा, पालथा करणार कोण? मग निरुपायाने त्यांनी कासवाचा फटका पहिल्यापासून अखेरपर्यंत पाहिला, आणि नळ तसाच वाहता राहिला.

कासवाने झेंड्यावर नेम धरलाच नाही. त्याने चेंडू झेंड्याच्या डावीकडे बराच दूर टाकिला. दंतवैद्य मनी म्हणाले, चुकला लेकाचा. परंतु ती जागा उताराची होती, आणि चेंडू हलके हलके घरंगळत उतरला आणि भोकाजवळ येऊन गप्प बसला. पुढल्या भोकाशी समोर तळे आडवे आले आणि वाराही उलटा सुटला. तेथे कासवाने जोर असूनही तळ्याच्या अलीकडेच चेंडू थांबविला, मग दुसऱ्या फटक्यात निवांत पलीकडे नेला. नावाप्रमाणेच घाई कशाची ती नाही.

त्या दिवसापासून दंतवैद्यांनी नवशिक्यांचे दालन सोडिले. उस्तादांच्या दालनात शिरावे, कासवाकडून मार खावा, कासव हजर नसेल तर ‘लोखंडी आजोबा’ म्हणून दुसरा कसाई होता त्याकडून खावा, आणि खाताना डोळे उघडे ठेवावे, ऐसा क्रम चालला. कोणता फटका का फसला, वारा कोठून होता, हे ते रोग्यांचे दात कोरताकोरताही मनात घोळवीत. हार रोजची; परंतु अकराची नऊ जाहली, नवाची सहा जाहली.

मात्र आबरू जात चालली. खेळात ज्याचा त्याचा जमाखर्च सर्वांस दिसतो. थोरल्यांनी तो पाहिला आणि ग्रुपवर डंका पिटिला: “डॉक्टर, लागोपाठ इतक्या वेळा हरलात? अहो, स्टुलाला गादी शिवून घ्या आता!” खाली थोरल्यांच्या बायकोने हसून लोळणारी चित्रे टाकिली. सासरेबुवांनीही एक टाकिले. त्यांचे म्हणणे, चुकून बोट लागले.

दंतवैद्यांस हे फार लागले. रात्रीच्या जेवणात भाजी आळणी होती तेही त्यांस कळले नाही. मग कबिल्याने विचारिले, “अहो, त्या साध्या लोकांशी खेळा की. चार डाव जिंकलात तर तोंडं तरी बंद होतील.”

“त्यांच्याशी जिंकून मी आहे तिथेच राहतो गं,” दंतवैद्य म्हणाले. “हा कासव मला रोज मारतो, पण रोज काहीतरी दाखवतो.”

“आणि रविवारी हरलात तर?”

दंतवैद्यांनी घास बत्तीस वेळा चावला.

मग नेमिला रविवार उगवला. सासुरवाडीचे वायफाय अशक्त. त्याचा डबा फ्रिजच्या डोक्यावर, आणि दिवाणखान्यात त्याचा अंमल पोचेना. सबब एकाच घरातले दोघे योद्धे दूरदेशीच्या यंत्रामार्फत लढण्यासाठी फ्रिजपुढे खांद्यास खांदा लावून उभे राहिले. सासरेबुवा उंच खुर्चीसह स्वयंपाकघराच्या दारात बसले. सासूबाई पोळ्या लाटीत होत्या. त्यांनी दोघांस बजाविले की कणकेच्या परातीस कोपर लागल्यास दोघांचाही पराभव समजला जाईल.

आरंभी दंतवैद्यांचा पहिला चेंडू वाळूत रुतला, दुसरा झाडात गेला, आणि थोरले तीन फटके पुढे निघाले. “अहो, रोगी घाबरतात ते तुम्हाला बघूनच का?” ऐसे म्हणून थोरले हसले, आणि त्या हसण्याने फ्रिजवरची बरणी हलली. दंतवैद्यांनी घाम पुसला. मग त्यांच्या ध्यानी आले की थोरल्यांचा फटका चालू असता आपण भिंतीकडे पाहत आहो; जुनी खोड परतली आहे. त्यांनी मान वळविली आणि पाहू लागले, आणि पाहताच उमगले की थोरल्यांस एकच फटका येतो: सरळ, जोरात, झेंड्यावर. नवशिक्यांपुढे तो पुरे पडे. त्यांस शिक्षा देणारे कोणी भेटलेच नव्हते.

तेथून दंतवैद्य सावरले. उतार पाहून डावीकडे टाकावे, वारा पाहून आखडावे, ऐसे करीत एकेक फटका भरून काढिला, आणि अखेरच्या भोकापाशी आले तो एकाच फटक्याने मागे राहिले. आणि येथे पुढे तळे, वारा उलटा.

पाळी दंतवैद्यांची. त्यांनी तळ्याच्या अलीकडे चेंडू अलगद टाकिला.

“काय हे? दम संपला?” थोरले म्हणाले.

“मारा, दादा.”

थोरल्यांनी बोट पार पडद्याच्या कडेपर्यंत ओढिले आणि सोडिले. चेंडू तोफेच्या गोळ्यासारखा निघाला, वाऱ्याने त्यास मध्येच अडविले, आणि फोनमधून ‘डुबुक’ ऐसा बारीक आवाज आला. लाटणे थांबले. दंड एक फटक्याचा. पुन्हा मारिला तो पलीकडे पोचला, परंतु भोकापासून फार लांब, आणि तेथून दोन फटके लागले. एकूण पाच. इकडे दंतवैद्यांनी चेंडू तळ्यापार नेला, झेंडा सोडून डाव्या उतारावर टाकिला, आणि तो घरंगळत आला आणि टीचभर अंतरावर थांबला. तिसऱ्या फटक्यात आत. फत्ते जाहली.

दंतवैद्यांस वाटले होते की आता आपण नाचू. परंतु थोरल्यांचे कान लाल जाहले होते आणि ते फोनकडे ऐसे पाहत होते की, दंतवैद्यांस कासवाकडून हरताना बेसिनवरच्या आरशात दिसलेला आपलाच चेहरा आठवला. मग ते नाचले नाहीत.

“हे कुठे शिकलात?” थोरल्यांनी हळू विचारिले. इतका हळू आवाज त्यांस काढिता येतो हे घराण्यास प्रथमच कळले.

“हरून.”

“मी ज्याला हसत होतो, ते हरणं...?”

“हो, तेच.”

सासरेबुवांनी खुर्ची बहाल केल्याचे पुकारिले आणि सर्व दिवाणखान्यात गेले. पाहतात तो पोळ्या आटोपून सासूबाई आरामखुर्चीत रेलल्या आहेत, पाय लांब, डोळे मिटलेले. “चांगली आहे की रे ही,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.”

येणेप्रमाणे नोंद केली की, साडूयुद्धात दंतवैद्यांची एका फटक्याने फत्ते जाहली. थोरल्यांकडील नुकसान एक चेंडू, पाण्यात. दंतवैद्यांकडील नुकसान एक खुर्ची, हुजुरांत जमा. जेवणानंतर दोघे साडू सज्जात फरशीवर मांडी घालून बसले आणि थोरल्यांनी आपण होऊन पुन्हा डाव मागितला. दंतवैद्यांनी काडीची दयामाया केली नाही. थोरले दिवेलागणीपर्यंत लागोपाठ हरले, आणि दर खेपेस थोडे कमी हरले. कळावे.