क्रेनवरचा हार

खासदार होऊन दुसरं वर्ष संपत आलं, तरी वादिराजनं लोकसभेत तोंड उघडलं नव्हतं. बंगळुरूच्या कोर्टात हाच माणूस घसा बसेपर्यंत भांडायचा. दिल्लीत पक्षानं त्याला मागच्या रांगेत बसवलं आणि बाक वाजवायला लावलं.

"कोर्टात पैसे घेऊन बोलायचात," त्याची बायको वीणा टीव्हीकडे बघत म्हणायची. "आता पगार घेऊन गप्प बसता. बढतीच म्हणायची."

अखेर पाळी आली. संध्याकाळच्या चर्चेत तीन मिनिटं, विषय शहरांतली वाहतूक. हे हुकलं तर पक्ष पुन्हा विचारणार नव्हता. जयनगरच्या घरात आरशासमोर घोकंपट्टी झाली आणि सकाळी विमानतळाकडे निघताना योगीराजचा फोन आला. वादिराजनं वकिली करताना या योगीराजची बेळ्ळंदूरची जमीन सोडवून दिली होती. निवडणुकीत त्यानं मतं गोळा करून उपकार फेडले. आता कोण कोणाचा मिंधा, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

"अण्णा, स्वल्प, थोडं आमच्याकडून वळून जा. हार घालतो नि सोडतो."

हार म्हणजे गळ्यात मावणारा नव्हे. इकडे पुढाऱ्याला सफरचंदांचा हार घालतात आणि तो कुणाला उचलत नाही म्हणून क्रेन आणतात. योगीराजनं ती ऐन ऑफिसच्या वेळेला रिंग रोडवर आडवी लावली. वादिराज गाडीच्या टपावर चढला, हात जोडले, उतरला. मग रीतीप्रमाणे जमाव सफरचंदं तोडायला धावला. त्या ओढाओढीत हाराचा दोर वरच्या विजेच्या तारांत गुंतला. वायरमन आल्याशिवाय हात लावणार नाही, असं क्रेनवाला म्हणाला. वायरमन मागच्या कोंडीत अडकला होता.

वादिराज गाडीत बसून फोनवर वीणाला घरच्या मराठीत रडगाणं सांगत होता, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पुण्याहून नोकरीसाठी आलेली मुग्धा नावाची मुलगी कोंडीतली स्कूटर मागे तशीच सोडून आली होती आणि मराठी ऐकून थांबली होती.

"काका, हा तमाशा तुमच्यासाठी चाललाय का?"

वादिराजमधला वकील जागा झाला. "ते अजून सिद्ध व्हायचंय."

"सगळे तुमच्या गाडीकडे बघून ओरडतायत."

"तो पुरावा होत नाही."

"आणि मांडीवरचे कागद?"

"भाषण आहे," वादिराज पुटपुटला. "वाहतूक कोंडीवरचं."

मुग्धा हसली नाही. तेच त्याला जास्त लागलं. तिनं कागदांसकट त्याचा फोटो काढला आणि चालत ऑफिसला गेली.

विमान गेलं. दुसऱ्या विमानात जागा नव्हती. पक्षानं त्याची मिनिटं दुसऱ्याला देऊन टाकली.

संध्याकाळी वादिराज घरी टीव्हीसमोर बसला. चर्चा सुरू होण्याआधीच दोन्ही बाजूंचे सभासद जागा सोडून पुढे धावले, गोंधळ माजला, सभागृह दिवसभरासाठी तहकूब झालं. वाहतुकीवर कुणी चकार शब्द काढला नाही.

"म्हणजे गेला असतात तरी बाकच वाजवला असतात," वीणा म्हणाली.

फोन वाजला. योगीराजला क्रेनचं काहीच वाटत नव्हतं. त्यानं चौकाचौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं: 'अण्णा नव्हते, सभागृह चाललं नाही!'

वादिराजनं मनातल्या मनात त्या वाक्याची उलटतपासणी घेतली. त्यात खोटं एक अक्षर सापडेना.

वीणा त्याच्याकडे बघत होती. "नाही म्हणा," ती हळूच म्हणाली.

"सरी, लाव," वादिराज फोनवर म्हणाला. "फक्त फोटो बोलतानाचा टाक."