नाकाडे सरांची पृथ्वी

लग्नाच्या पंगतीत भात वाढून झाला होता, पण वरण येत नव्हतं. मागं जाऊन पाहिलं, तर आमच्या शाळेतले विज्ञानाचे नाकाडे सर आचाऱ्याचा हात धरून उकळत्या वरणाच्या भल्यामोठ्या गंजात डोकावत उभे. "थांब गा जरा. पाय, मधून वर येऊन राहिलं अन् काठानं खाली जाऊन राहिलं. पृथ्वीच्या पोटात असंच चालू आहे." आचारी बिचारा घाबरून गंजात पाहू लागला. वरपक्षाला मात्र स्वतःच्या पोटाची काळजी होती.

वर्गातही सरांचं हेच. पुस्तकात पृथ्वीच्या आत चुंबकाची कांडी काढलेली होती. ती जो पोरगा उत्तरात काढील, त्याला शून्य. "एवढ्या आगीत कांडीचं चुंबकत्व टिकते का? तिथं लोखंड वितळलेलं आहे. तापून वर येते, निवून खाली जाते, अन् पृथ्वी फिरते म्हणून त्याले पीळ बसते. त्या हालचालीतून वीज होते, वीज चुंबकत्व सांभाळते. हालणं थांबलं का हळूहळू सारं संपलं." तक्रार घेऊन येणारे पालक हे ऐकून हात जोडून परत जात. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो, त्यामुळे मला ते तोंडपाठ झालं होतं.

घरी हे न कंटाळता ऐकणारं एकच माणूस, त्यांच्या पत्नी वत्सलाबाई. "हो का?" म्हणायच्या आणि पातेलं उतरवायच्या.

त्यांच्या अंगावरून वारं गेलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात दोन महिने पडून होत्या. डोळे उघडे, ओळख नाही. आता यांना काही कळत नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुही गावाहून बाईंचा भाऊ त्यांना आपल्या घरी न्यायला आला, पण सर ऐकेनात. समजावण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते मी पत्करलं, याची अजून लाज वाटते.

मी गेलो तेव्हा सर बाईंचा हात धरून आज नळ किती वाजता आला ते त्यांना सांगत होते.

"सर, वहिनीले आता काही समजत नाही जी."

"पृथ्वीच्या पोटात जाऊन कोणी पायलं गा? तरी आत हालचाल आहे, मानतोच ना आपण?"

"होकायंत्राची सुई दाखवते म्हणून मानतो. इथं काय हलून राहिलं?"

मास्तरकीत वाद जिंकायची वाईट सवय लागते. सर बाईंच्या हातावरची चादर बाजूला करत म्हणाले, "काहीच नाही हलत. पण तिकडं कुहीले नेलं, अन् मी इथं शाळेत असताना तिचं एखादं बोट हललं, तं पायणार कोण?"

संध्याकाळी भावाला मी एकट्यालाच कुहीच्या बसमध्ये बसवून दिलं.