फुंकतात्यांची गाडी

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर तात्या राहतात. त्यांच्या गाडीत बसायचं तर आधी नळीत फुंकावं लागायचं. तुम्ही गाडी चालवणार असा, नाहीतर मागच्या सीटवर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसणार असा, सुटका नाही. तात्या एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात ती काळी नळी घेऊन दारात उभे. "आधी श्वास, मग प्रवास!" म्हणायचे. पोरांनी त्यांचं नाव फुंकतात्या ठेवलं ते उगीच नाही.

यंत्र म्हणाल तर एवढंसं. साबणाच्या वडीएवढी डबी, तिला नळी. स्टिअरिंगच्या शेजारी अडकवलेली. तुम्ही फुंकलं की डबी तुमचा श्वास हुंगते. दारूचा अंश नसला तर हिरवा दिवा, मग किल्ली फिरते. असला तर लाल दिवा, आणि गाडी मुकी. किल्ली मोडेपर्यंत फिरवा, हूं की चूं करणार नाही. तात्यांचा सगळा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात मशिनी सांभाळण्यात गेला. ही डबी त्यांनी कुठून कुठून मागवली आणि आठवडाभर गाडीखाली पाय बाहेर काढून पडून राहून बसवली. आम्हाला वाटलं, हॉर्न दुरुस्त करतायत.

गंमत ही की तात्या स्वतः कशाला शिवत नाहीत. चहासुद्धा अर्धा कप. मग ही डबी कुणासाठी? कुणी विचारलं तर म्हणायचे, "यंत्राला नातं नसतं." झालं उत्तर! माणूस आणखीच गोंधळायचा.

माझी पहिली फुंकर मला अजून आठवते. जिन्यात माझा पाय मुरगळला होता, घोटा नारळाएवढा सुजलेला. तात्या धावत आले, गाडी दारात आणली, मला धरून बसवलं आणि नळी पुढे केली.

"वहिनी, फुंका."

"अहो तात्या, पाय गेलाय माझा! मी काय गाडी चालवणार आहे का?"

"नियम तो नियम. लांब श्वास घ्या. यंत्र पीं करेपर्यंत सोडायचं नाही."

आता मी पेठकडची, खेड्यातली. लहानपणी ओल्या लाकडांची चूल फुंकणीनं फुंकून पेटवलेली. दिली एक लांब फुंकर ठेवून! डबी पीं करून गप्प झाली तरी माझं चालूच. तात्या बघत राहिले. "काय दम आहे वहिनी! यंत्रानं नमस्कार केला असता!" तेव्हापासून कुणी नवीन माणूस गाडीत बसायला आला की ते मला गॅलरीतून हाक मारायचे, "वहिनी, जरा यांना फुंकून दाखवा!" मी पण जायची. या वयात कुणी कशाला तरी वाखाणतंय, सोडते का मी!

वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता तेव्हा पंचवटीतून गुरुजींना आणायला तात्या गेले. गुरुजींना रोज शंख वाजवायची सवय. त्यांनी गाल फुगवून असा काही जोर लावला की डबी भांबावली आणि लाल ना हिरवा, कुठलाच दिवा लावेना. तात्या म्हणाले, "गुरुजी, शंख नाही हा. सावकाश." दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. शेवटी गुरुजी चिडून रिक्षानं आले आणि तात्या मागून रिकामी गाडी घेऊन. पूजा उशिरा लागली, प्रसादाचा शिरा गार झाला. तात्यांना त्याचं काही नाही.

निवडणुकीच्या धामधुमीत एक उमेदवार हात जोडत आले. त्यांची गाडी पुढे निघून गेली होती, म्हणून तात्यांना म्हणाले, चौकापर्यंत सोडा. तात्यांनी नळी दिली. फुंकलं, तर लाल! पांढऱ्या कपड्यातल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, मी आत्ता माउथवॉशनं चूळ भरली हो! सभेला जायचंय ना!" तात्या शांत. "असेल. पाण्यानं तोंड धुवा आणि पाव तास बसा. खोटं असेल तर यंत्रच सांगेल, खरं असेल तरी यंत्रच सांगेल. त्याला नातं नसतं आणि पक्षही नसतो." बिचारा बसला आमच्या पायरीवर. पाव तासानं हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांना निवडून आल्यासारखा आनंद झाला.

असं वर्षभर चाललं. लोक हसले, मग कुरकुरले, मग सवयीचं झालं. शेवटी शेवटी तर माणसं गाडीत बसली की आपणहून नळीकडे हात करायची. मला मात्र राहून राहून वाटायचं, या भल्या माणसाच्या डोक्यात नक्की काय आहे?

ते कळलं एका दुपारी. मी आमटी घेऊन खाली गेले होते. बायको, आमच्या माई, गेल्यापासून तात्या एकटेच. मुलगी मनीषा देवळ्याला दिलेली. जावई संजयराव कांद्याचे व्यापारी. माणूस दिलदार. आले की आमच्या सगळ्या मजल्यांवर कांद्याच्या पिशव्या पोचायच्या. हसणं तर असं की खालून वरपर्यंत ऐकू यावं. एकच खोट. चार व्यापारी भेटले की 'बसणं' व्हायचं, आणि उठल्यावर तेच गाडी चालवायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जावयाला बोलणार कोण?

त्या दिवशी तात्या ताट पुढे घेऊन नुसतेच बसले होते. म्हणाले, "वहिनी, चिऊच्या बारशाला तुम्ही होतात. जेवणं झाल्यावर संजयराव मित्रांबरोबर आतल्या खोलीत बसले होते, आठवतं?"

"हो."

"बाहेर आले तेव्हा डोळे लाल. किल्ली घेतली. मनू तान्ह्या पोरीला घेऊन पुढे बसली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडली असती. आणि मी? मी दारात उभा. जावयाला कसं म्हणू, तुम्ही प्यायलात, किल्ली द्या? मी हात हलवत राहिलो, वहिनी. टाटा करत राहिलो."

"पोचले ना पण सुखरूप?"

"पोचले. पण पोचल्याचा फोन येईपर्यंत मी या खुर्चीत बसलो होतो, आणि अजून पुरता उठलेलो नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मी बोललो तर सासऱ्यानं अपमान केला होईल. मनू बोलली तर घरात भांडण. यंत्र बोललं तर रागवायचं कुणावर? येत्या धोंड्याच्या महिन्यात ही गाडीच त्यांना वाण म्हणून देणार आहे. त्यांची जुनी झालीच आहे."

मी कपाळाला हात लावला. "आणि मग आम्हा सगळ्यांना वर्षभर कशाला फुंकायला लावलं?"

"एकट्या त्यांनाच फुंकायला लावलं असतं तर तो अपमान झाला असता. सगळ्यांनी फुंकलं की ती रीत झाली."

मी त्या माणसाकडे बघतच राहिले. एका माणसाची मान खाली जाऊ नये म्हणून यांनी गुरुजींचा राग घेतला, पोरांकडून नाव ठेवून घेतलं, अख्खी सोसायटी फुंकायला लावली. आणि आम्ही गॅलरीतून हसत होतो!

धोंड्याचं जेवण झालं. पुरणाचे धोंडे, अनारसे, सगळं साग्रसंगीत. स्वयंपाकाला मीच होते. मग तात्यांनी ताटात नारळ, अनारसे आणि गाडीची किल्ली ठेवली आणि संजयरावांना दिली. संजयराव खूष! सगळे खाली आलो. दरवाजा उघडून ते आत बसले, आणि त्यांचा हात त्या डबीपाशी थांबला. येता जाता त्यांनी ती पाहिली होती, हसलेही होते. पण आता ती त्यांच्या गाडीत होती. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

रागावले की ते देवळ्याच्या बोलीत शिरतात. हळूच म्हणाले, "मामा, हाई मन्हासाठे शे का?" हे माझ्यासाठी आहे का?

तात्या पांढरेफटक. एरवी तोंडावर असलेलं एकही वाक्य सापडेना. मनीषा चिऊला कडेवर घेऊन जमिनीकडे बघत उभी. वरच्या गॅलऱ्यांत सगळ्या बायका. त्यांना वाटलं, गाडी मिळाल्याचा आनंद बघू.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो संजयराव, तुमच्यासाठी कसलं? आमचा सगळ्यांचा नियम आहे तो. सरका, मी दाखवते!" आणि त्यांना बाहेर काढून मी बसले, पदर खोचला आणि दिली माझी नामांकित फुंकर.

लाल दिवा.

मी पुन्हा बघितलं. लालच! डबी टीं टीं करून सगळ्या सोसायटीला सांगतेय. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जेवण जड झालं म्हणून आत्ताच मी स्वयंपाकघरात द्राक्षासव घेतलं होतं, तेही चमच्यानं नाही, बाटलीच तोंडाला लावून, आणि आसव म्हटलं की दारूचा अंश आलाच. नाशिकची बाई मी, आणि द्राक्षांनीच माझी अब्रू घेतली!

"काकू!" संजयराव गाडीच्या टपावर हात आपटून हसायला लागले. "कोणती पार्टी केली काकू? आम्हाला नाही बोलावलं!"

"अरे बाबा, औषध आहे ते! पोटाचं!"

"सगळे तेच म्हणतात, काकू!"

सगळ्या गॅलऱ्या हसत होत्या. तात्यांना मात्र एकदम वाचा फुटली. कडक आवाजात म्हणाले, "वहिनी, चूळ भरा. पाव तास बाजूला बसा. यंत्राला नातं नसतं."

मी प्लास्टिकच्या खुर्चीत गुन्हेगारासारखी बसले. पाण्याचा तांब्या कुणी आणला असेल? संजयरावांनी. शेजारी उकिडवे बसले. हसणं ओसरलं होतं. हळूच विचारलं, "काकू, राग आला का तुम्हाला?"

म्हटलं, "लाज वाटली. पण घरच्यांतच वाटली ना. रस्त्यावर नाही."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग उठले, गाडीत बसले आणि फुंकलं. हिरवा. त्या दिवशी थेंब घेतला नव्हता त्यांनी, धोंड्याचं जेवण होतं ना. गाडी सुरू झाली. मनीषा बसली आणि काच खाली करून वडिलांकडे बघत राहिली, गाडी वळेपर्यंत.

आता तात्या रिक्षानं फिरतात. रिक्षावाल्याला आधी पूर्ण नाव, मग गाव विचारतात, आणि तो बोलत असताना नाक पुढे नेतात. रिक्षावाले वैतागतात.

आणि एक. त्या डबीचा निरोप फोनवर येतो. देवळ्यात कुणी फुंकलं की इथे तात्यांचा फोन टिंग करतो. संजयरावांना सांगूनच जोडलंय. ते म्हणाले होते, "जोडा मामा, मी काय चोर आहे?" सकाळी टिंग झालं की तात्या म्हणतात, "निघाले कांद्याच्या खळ्यावर." संध्याकाळी टिंग झालं की, "आता मनू दूध घ्यायला येत असेल बरोबर." त्या एवढ्याशा आवाजावर या माणसाचा दिवस चालतो.

परवा रविवारी दिवेलागणीला मी खाली गेले होते. फोन वाजला आणि तात्यांचा चेहराच बदलला. मला दाखवला. लाल खूण होती.

मी हादरले. म्हटलं, "अहो, मनीषाला फोन लावा आधी!"

त्यांनी नको म्हणून मान हलवली. खूप वेळ त्या खुणेकडे बघत होते. डोळे भरून आले होते, पण ते रडू वेगळंच होतं.

"वहिनी, त्यांना ती डबी उपटून टाकता आली असती. कुणा दुसऱ्याला फुंकायला लावता आलं असतं. आणि लाल लागलं की मला कळतं, हे त्यांना माहीत आहे. तरी त्यांनी फुंकलं."

मी त्यांच्या हातातून फोन घेऊन टेबलावर ठेवला.

"थोडं बसता का?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला बसा म्हटलेलं आठवत नाही.

मी बसले. फोन मधे टेबलावर. अंधार झाला. फोन पुन्हा वाजला नाही, म्हणजे पुन्हा कुणी फुंकलं नव्हतं, गाडी सुरूच झाली नव्हती. तिकडे देवळ्यात गाडी दारातच उभी होती, आणि मनू आणि चिऊ घरात होत्या. तात्या बराच वेळ ती शांतता ऐकत बसले. मग उठले, आणि माझ्या कपाबरोबर स्वतःसाठीही पूर्ण कपभर चहा टाकला.