राईत उतरलेली बॅटरी

उत्तमने किल्ली फिरवली तेव्हा गाडी 'टक' म्हणाली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'. समोर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलेलं होतं. त्याने हेडलाइट लावून पाहिले, तर ते समईसारखे मिणमिणले. म्हणजे पेट्रोल आहे, सेल्फही ठीक आहे, बॅटरी उतरली आहे. कारण शोधायला मेकॅनिक नको होता. इंजिन बंद ठेवून रोज दिवसभर पंखा आणि रेडिओ चालवला, तर दुसरं काय होणार?

अवघड होतं ते पुढचं. या वेळी उत्तमने अंधेरीच्या ऑफिसात असायला हवं होतं आणि तो होता राई गावात, खाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर. ऑफिसने त्याला पावसाळ्याआधीच कायमचं घरी पाठवलं होतं. घरी मात्र त्याने ते सांगितलंच नव्हतं. रोज रात्री तो ठरवायचा आणि रोज सकाळी डबा घेऊन इंद्रलोक सोसायटीच्या गेटमधून गाडी बाहेर काढायचा. इथे येऊन अर्ज पाठवायचा, डबा खायचा, संध्याकाळची वाट बघायचा. उत्तरं कुणाची येत नव्हती.

जंपर केबल सोसायटीत बंटीकडे होती. पण बंटीने आधी बंद गाडीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला असता आणि मग केबल काढली असती. नेहमीचा मेकॅनिक मेव्हण्याचा जिगरी दोस्त. उरला धक्का. बाजूच्या शेतात एक नवरा-बायको गवत कापत होते. उत्तम बांधापर्यंत गेला.

"ताई, जरा धक्का द्याल का? बॅटरी गेलीये."

बाई कोयता हातात घेऊनच उठली. "पयले सांग, मोजनी कवा हाय?"

"कसली मोजणी?"

"आमच्या शेताची. रोज येऊन गारीत बसतस, काय काय लिवतस. आमी बगत न्हाय कं? अवो धाकू, या इकरं!"

"अहो, मी सर्व्हेवाला नाहीये!"

"सगले तसाच बोलतान," धाकू येता येता म्हणाला. "गिरिजे, धक्का मारू नको. जाऊ दे सायबाला चालत."

उत्तम बांधावरच बसला. या दोघांना ना त्याची बायको सुचेता माहीत होती, ना इंद्रलोक. तो म्हणाला, "नोकरी गेलीये माझी. घरी माहीत नाही. म्हणून इथे येऊन बसतो."

इतक्या महिन्यांत हे वाक्य तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला होता. धाकूने गाडीला एक फेरी मारली.

"नोकरी न्हाय आन गारी हाय?"

"लाव घरी फोन," गिरिजा म्हणाली. "बायको बोलली तर खरा."

उत्तमने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. त्याने फोन स्पीकरवर लावला.

"सुचेता, गाडी बंद पडलीये. हे लोक धक्का देत नाहीयेत. मी कुणी साहेब नाहीये, एवढं सांग ना त्यांना."

"कुठल्या लोकांना? अहो, आणि तुमची आज मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग होती ना? बाहेर काय करताय?"

"बग! मोठा सायब!" गिरिजा नवऱ्याला म्हणाली.

"मीटिंग नाहीये, सुचेता. ऑफिसच नाहीये. नोकरी गेली माझी. मे महिन्यातच गेली."

फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आणखी एक झाली, मग आणखी एक. गॅस कुणी बंद केला नाही. गिरिजाने कोयता हळूच बांधावर ठेवला.

"गाडी चालू झाली की सरळ घरी या," सुचेता म्हणाली आणि फोन कट झाला.

दोघांनी मग धक्का दिला. उत्तमने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, तशी गाडी आचके देत चालू झाली. गिरिजा खिडकीला धरून बाजूने धावू लागली.

"उद्या येशील ना?"

"आता कशाला येऊ?"

"अरं, तू बसाला लागलास तवापासून डंपर येत न्हाय! शेतात तोरलेल्या बिल्डिंगींचा डेब्रिज टाकाचे मेले. लांबूनच तुला बगतान आन फिरतान. म्युन्सिपालटीचा सायब समजतान!"

उत्तमला थांबता येत नव्हतं. थांबला असता तर गाडी पुन्हा बंद पडली असती.

सुचेता गेटवर उभी होती. घरातल्याच कपड्यांवर, पायात दोन वेगळ्या चपला. ती दार उघडून शेजारी बसली.

"बंद करता येणार नाही," तो म्हणाला. "चार्ज व्हायला हवी."

"चालवा मग."

पूनम सागरच्या सिग्नलला तिने काचेबाहेर बघतच विचारलं, "काय करायचात तिथे दिवसभर?"

"डंपर अडवायचो."

त्याने गिरिजाचं बोलणं सांगितलं. सुचेताने डोळे पुसले. "आणि मी खुळ्यासारखी रोज शर्टाला इस्त्री करत होते."

"तो शर्ट बघूनच तर डंपरवाले परत फिरायचे."

ती हसली नाही. पण गाडी फिरून इंद्रलोकच्या गेटाशी आली आणि उत्तमने वेग कमी केला, तेव्हा तिने त्याच्याकडे न बघता हाताने पुढे चला अशी खूण केली.