कांबळे मॅडमचा सतरा नंबर

बारामतीच्या मंडईत पेरू घेताना, मागे कुणीतरी उभं राहून आपल्या बोटांकडे टक लावून बघतंय असं तुम्हाला कधी वाटलं असेल, तर तो भास नव्हता. त्या आमच्या कांबळे मॅडम. गिऱ्हाइकाच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून त्या चालतात. कोण पेरू दाबून बघतं, कोण हुंगतं, कोण उचलून पुन्हा ढिगात ठेवतं, यावर त्यांची बारीक नजर असते. एकदा एका बाईंनी पर्स छातीशी धरून असा काही आरडाओरडा केला की मंडईतले हमाल धावत आले. त्यातला एक समजुतीनं म्हणाला, "अवो बाई, त्या चोर न्हाईत, शास्त्रज्ञ हायती." त्यावर त्या बाई पिशवी तिथंच टाकून पळाल्या.

सांगवीच्या बाजूला आमचं छोटं फळसंशोधन केंद्र आहे. फळझाडांच्या नव्या जाती तयार करायच्या, हे मॅडमचं काम. ती फळं लोकांना चाखायला देऊन आवडली का ते विचारायचं, हे माझं. मी एम.कॉम. झालेलो, ग्राहक सर्वेक्षण या विषयावर माझी बरीच भिस्त होती. मॅडमनी ती पहिल्याच महिन्यात मोडीत काढली.

"निकम, तुमचं सगळं शास्त्र तोंडाच्या भरवशावर चाललंय," त्या म्हणाल्या. केंद्राच्या मोठ्या साहेबांसमोर त्या छापील मराठी बोलतात, पण एरवी त्यांची भाषा इंदापूरचीच. "आपल्या मानसाला कडू कारलं नुसतं उकडून द्या, छानच म्हनंल. देनाऱ्याच्या तोंडावर कोन नावं ठिवतंय? तोंडाचं ऐकायचं न्हाय. हाताचं बघायचं."

मला राग आला, कारण ते खरं होतं. माझ्या चाचणीत शेतकऱ्यांनी प्रत्येक फळाला सारखेच पैकीच्या पैकी गुण दिले होते. मधे तोंड धुवायला ठेवलेलं साधं पाणीसुद्धा एका आबांनी "लई ग्वाड" म्हणून उचलून धरलं होतं.

हात बघायचा म्हणजे कुठं बघायचा, याला मॅडमना काळवेळ नाही. लग्नात त्या अक्षता टाकून झाल्या की थेट उष्टी ताटं ठेवतात तिकडे जातात. माझ्या चुलत्यांच्या तेराव्यालाही त्या तिथंच उभ्या होत्या. माणसं डोळे पुसत होती आणि मॅडम पत्रावळ्या बघत होत्या. निघताना माझ्या चुलतभावाला म्हणाल्या, "वांग्याची देठंसुदीक चोखल्याती सगळ्यांनी. समाधान झालं." तो बिचारा आजही त्याला सांत्वन समजतो.

या बाईंचा सगळा जीव सतरा नंबरात. सतरा नंबर ही पेरूची जात. दोन जातींचा संकर करून, रोपं वाढवून, नको ती उपटून, अशी कित्येक वर्षं घालवून त्यांनी ती तयार केलेली. आतून गर्द गुलाबी आणि बी इतकी मऊ की दाताखाली आली तरी कळत नाही. पण दिसायला अगदीच ओबडधोबड. साल खरबरीत, त्यावर डाग, आकाराला शेंडाबुडखा नाही. मंडईत त्याला कुणी हात लावेना. व्यापाऱ्यांना गुळगुळीत, चकचकीत पेरू हवा होता आणि आमच्या साहेबांना तसल्या पेरूसाठी सतरा नंबरची जमीन हवी होती. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, "या बहरात ग्राहकाला हा पेरू हवाय असं दाखवा. नाहीतर झाडं काढून टाकू."

मॅडम बाहेर येऊन मला म्हणाल्या, "झाडं न्हाईत निघत." मग चहा घेतला आणि कामाला लागल्या.

केंद्रावर शेतकरी मेळावा होता. मॅडमनी ठरवलं, यावेळी विचारायचंच नाही. लिंबाच्या सावलीत दोन टोपल्या मांडायच्या, एकीत चकचकीत पेरू आणि दुसरीत सतरा नंबर, आतला रंग दिसावा म्हणून वरचे दोन कापून ठेवलेले. पाटी नको, माणूस नको. कोणती टोपली आधी रिकामी होते ते लांबून बघायचं. टोपल्या मातीत नकोत म्हणून त्यांनी खाली लाल फडकं अंथरलं आणि आम्ही दोघं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लपलो.

पहिल्यांदा एक आजी आल्या. टोपल्यांपुढे थबकल्या, चपला काढल्या, हात जोडून निघून गेल्या. त्यांच्या मागच्या तात्यांनी टोपी काढली आणि फडक्यावर एक नाणं ठेवलं. मग कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. दुपारपर्यंत तिथं नारळ फुटला होता. साहेब जेवायला जाताना तिकडून गेले, तेही जाता जाता छातीला हात लावून गेले. पेरूला मात्र कुणी शिवलं नाही. देवापुढचं उचलायचं कसं?

मॅडमच्या घरात देव्हारा नाही, छताला टेकलेलं पुस्तकांचं कपाट आहे. आपल्या हातून झालेलं हे देवस्थान त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला हसू आवरेना.

"निकम," त्या शांतपणे म्हणाल्या, "फडकं पांढरं पायजे हुतं."

मी म्हटलं, आता सोडून द्या. दुसरं कुणीही सोडून दिलं असतं. मॅडमनी त्याच टोपल्या उचलून एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकाबाहेर नेल्या. पाळी सुटली की मोटरसायकलींची रांगच्या रांग बाहेर पडते. आधी दोन्ही पेरूंची एकेक फोड हातावर ठेवायची आणि मग म्हणायचं, "कुटलेबी दोन घ्या." फाटकावरच्या वॉचमननं आम्हाला हुसकावलं, तर त्यालाही दोन दिले. दुसऱ्या दिवशी त्यानंच टेबल लावून ठेवलं होतं.

पहिले दोन दिवस माझी निराशा झाली. पोरं चकचकीत पेरू उचलत आणि तिथंच उभ्या उभ्या खात. पण मॅडमचं लक्ष दुसऱ्या पेरूवर होतं. तो डिकीत जायचा, डब्यात जायचा, हेल्मेटमध्ये जायचा. आणि तो बहुतेक सतरा नंबर असायचा. एक जण तर गाडी वळवून परत आला. "मॅडम, म्हातारीसाठी आजून एक मिळंल का? ह्याची बी लागत न्हाय."

मॅडमचा चेहरा उजळला. "बघा निकम. हितं खाल्ला ती भूक. घरी न्हेला ती आवड."

आठवडाभर आम्ही त्या फाटकावर उभे होतो. शेवटी साहेबांना त्यांनी ओढून आणलं आणि पाळी सुटेपर्यंत ताटकळत उभं केलं. साहेबांनी डोळ्यांनी बघितलं. कॅनॉलकडची एक ओळ राहू द्या, म्हणाले. बाकीचं सगळं शेत गेलं, पण एका ओळीवरून हवी तेवढी कलमं बांधता येतात. मॅडम लगेच कात्री शोधायला लागल्या.

त्या संध्याकाळी ऑफिसच्या टेबलावर बहरातले शेवटचे पेरू ठेवले होते. कुणी पोरांसाठी नेले, कुणी सासऱ्यांसाठी. एक उरला. मी म्हटलं, "मॅडम, हा तुमचा. घरी न्या."

"कुनासाठी न्हेऊ?" त्यांनी विचारलं.

त्या रडवेल्या वगैरे झाल्या नव्हत्या. सरळ प्रश्न होता. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम करून, घरी त्यांची वाट बघणारं कुणी नाही, हे मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "आमच्या आईला दात नाहीत. तुम्हीच येऊन द्या तिला."

सणसरला आमच्या घरापर्यंत माझ्या मोटरसायकलवर मागे बसून, तो पेरू दोन्ही हातांत धरून त्या आल्या. आईनं पायरीवर बसून तो देठापर्यंत खाल्ला. छान आहे वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, "आजून हाय का?" मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारचे डोकावले.

निघताना आई रीतीप्रमाणे म्हणाली, "या बरं का परत."

"उद्या किती वाजता येऊ?" मॅडमनी विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "दिवं लागायच्या टायमाला या," ती म्हणाली. "जेवायलाच या."

दुसऱ्या दिवशी मला केंद्रावर उशीर झाला. घरी पोचलो तर दोघी स्वयंपाकघरात, ताटं मांडलेली, भाकऱ्या फडक्याखाली झाकलेल्या. मला बघून मॅडम म्हणाल्या, "निकम, हातपाय धुवून या लवकर. आमी तुमच्यासाठी थांबलोय."